‘ज्युलिया’मधील टोपी आणि भवानीनगरचे भांडण

फ्रेड झिनेमन यांचा ‘ज्युलिया’ (१९७७) हा चित्रपट दोन मैत्रिणींच्या निष्ठेची कथा म्हणून ओळखला जातो. लिलियन हेलमन यांच्या ‘पेंटिमेंटो’ (१९७३) या पुस्तकातील एका प्रकरणावर तो आधारलेला आहे. ज्युलिया नाझीविरोधी गुप्त चळवळीत असते. तिच्या शब्दाखातर लिलियन, स्वतः ज्यू असूनही, टोपीत दडविलेले पैसे घेऊन आगगाडीने बर्लिनला जाते. ही मैत्री खरोखर घडली की म्युरिएल गार्डिनर यांच्या चरित्रावरून रचली गेली, हा वाद १९८३ नंतर गाजला; प्रस्तुत विवेचनात तो बाजूस ठेवण्यास हरकत नाही.

चित्रपटाचे सामर्थ्य स्मरणरंजनाच्या निवेदनात नाही. ते काहीसे सैलच आहे. ते आगगाडीतील संवादांत आहे. टोपी घालावी की न घालावी, मिठाईचा डबा कोठे ठेवावा, एवढेच बोलणे होते. वाच्यार्थ क्षुल्लक, आणि प्राण मात्र त्यावरच अवलंबून! परंतु बायकांच्या अशा बोलण्यावर पहारेकऱ्यांचा संशय का जात नाही, हा प्रश्न दिग्दर्शक विचारीत नाहीत.

या प्रश्नाचे उत्तर सातारच्या प्रतिसरकारच्या इतिहासात सापडते. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या कन्या हौसाताई पाटील (१९२६–२०२१) यांनी वृद्धापकाळी सांगितलेली हकिगत ‘पारी’ या संकेतस्थळावर नोंदलेली आहे. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगलीतील भवानीनगरच्या पोलीस ठाण्यापुढे त्यांनी नवरा-बायकोच्या भांडणाचे सोंग वठविले. एक सहकारी नवरा झाला. पोलीस सोडवासोडवीत गुंतले, आणि इतर सहकाऱ्यांनी ठाण्यातील बंदुका लांबविल्या. बायकोला मार बसणे हे इतके नित्याचे होते की त्यात कोणाला कट दिसला नाही. ज्या अवहेलनेने स्त्रीचे बोलणे ऐकण्याजोगे ठरत नाही, तीच अवहेलना येथे हत्यार झाली.

तुलनेला मर्यादा आहेत. ब्रिटिश राजवट म्हणजे फॅसिझम नव्हे. शिवाय भवानीनगरच्या प्रसंगात मैत्रीण नाही, विश्वास आहे तो सहकाऱ्यांवरचा. पण त्या विश्वासाची किंमत हौसाताईंच्या हकिगतीत स्पष्ट उमटते, जी झिनेमन यांच्या सुबक टोपीत उमटत नाही. सोंग खरे वाटावे म्हणून ‘नवऱ्या’ने खरोखरच मारले होते, आणि त्याबद्दल हौसाताईंनी पुढे तक्रारही केली होती.