अर्ध्या पंखाचा उपयोग

मराठीत ‘हौशी’ हा शब्द फार मोठ्या मनाचा आहे. हौशी नट भाषण विसरला तर प्रेक्षक टाळ्या वाजवून वेळ मारून नेतात. हौशी गवई बेसूर झाला तर शेजारीच सांगतो, “आज आवाज बसलाय हो त्यांचा!” ही सवलत धंदेवाईकाला नाही. अशाच एका हौशी नाट्यस्पर्धेचं परीक्षण करायचं मी मनावर घेतलं आहे. नाटकाचं नाव ‘पाखरू उडालं कसं?’ प्रयोग दीडशे वर्षं चालू आहेत. प्रमुख नट मात्र 15 कोटी वर्षांपूर्वीच वारलेला, त्यामुळे त्याच्या तोंडी कुणीही काहीही घालावं, तो बिचारा तक्रार करत नाही.

हा नट 1861 साली बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या खाणीत उजेडात आला. खाण शिळाप्रेसला लागणाऱ्या गुळगुळीत दगडाची. माणसं ज्यावरून छपाई करायची, त्या दगडावर निसर्गानं आपलं एक पान आधीच छापून ठेवलेलं निघालं. आकार साधारण कावळ्याएवढा. अंगावर पिसं पक्ष्याची, तोंडात दात, पंखांना नखं आणि मागे सरड्यासारखं हाडांचं लांबलचक शेपूट! नाव ठेवलं आर्किऑप्टेरिक्स. डार्विनचा ग्रंथ बाहेर पडून दोन वर्षं होतात न होतात तोच असा साक्षीदार कोर्टात हजर झाला, म्हणजे फिर्यादीच्या वकिलाची अवस्था काय झाली असेल बघा.

पण वकील हुशार होते. सेंट जॉर्ज मायव्हर्ट नावाच्या गृहस्थांनी 1871 साली डार्विनला पेच टाकला. अवयव पुरा झाल्यावर कामाचा, हे कबूल. पण तो अपुरा असताना त्याला कोण पोसणार? पंख पुरा असला की उडता येतं. अर्ध्या पंखाचा उपयोग काय? निसर्ग बिनकामाच्या वस्तू सांभाळत नाही. (आपल्या माळ्यावर अर्धवट विणलेला स्वेटर आणि एका चाकाची सायकल वर्षानुवर्षं सुखानं नांदतात, ती गोष्ट वेगळी. तो निसर्ग नव्हे, ते घर आहे.)

या प्रश्नाची उत्तरं देणाऱ्यांची दोन घराणी आहेत. एक म्हणतं, पक्षी झाडावरून खाली आले. दुसरं म्हणतं, जमिनीवरून वर गेले. गंमत म्हणजे दोन्ही घराणी जवळजवळ एकाच ऑफिसात निघाली. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे प्रोफेसर मार्श यांनी 1880 साली झाडाची बाजू घेतली. त्यांच्याच हाताखालच्या विलिस्टननं 1879 सालीच जमिनीची बाजू घेऊन ठेवली होती. साहेबाच्या आधी आणि साहेबाच्या विरुद्ध मत देणारा साहाय्यक! या पराक्रमाची कुणी दखल घेत नाही, म्हणून मी घेतो.

झाडवाल्यांच्या नाटकात पहिला अंक उत्तम. गुरुत्वाकर्षण फुकट मिळतं, उडी मारायची आणि तरंगत खाली यायचं. दुसऱ्या अंकात गाडी अडते. उडती खार पिढ्यान्‌पिढ्या तरंगते आहे, पण हात फडफडवावेत असं तिच्या मनात आलेलं नाही. जमिनीवाल्यांची अडचण उलटी. 1907 साली बॅरन नॉप्चा या सरदारानं पळता पळता हात फडफडवणारा पूर्वज रंगवला. सुटलेल्या एस.टी.मागे पिशवी सांभाळत हात हलवत धावणारा माणूस मी रोज पाहतो. त्याला गरज आहे, वेग आहे, फडफडही आहे. तो अजून उडालेला नाही. याच बॅरननं 1913 साली अल्बानियाचा राजा होण्यासाठी आपलं नाव पुढे केलं होतं. तिथेही त्यानं धाव पुष्कळ घेतली. उड्डाण झालं नाही.

पुढे 1974 साली येलच्याच जॉन ऑस्ट्रम यांनी सुचवलं की हातावरची लांब पिसं ही मुळात किडे पकडायची जाळी असावी. ऑस्ट्रम काही हौशी नव्हेत. पक्षी आणि डायनोसॉर यांचं तुटलेलं नातं पुन्हा जुळवलं ते त्यांनीच. म्हणून तर त्यांना सवलत देता येत नाही. माशा मारायच्या जाळीला भोकं का असतात, हे कुठलीही गृहिणी सांगेल: हवा आरपार जावी म्हणून. सलग पंख्यानं माशीवर झडप घातली तर वाराच माशीला पळवून लावतो. आणि पंखाला भोकं असून भागत नाही. म्हणजे चांगली जाळी हा वाईट पंख आणि चांगला पंख ही वाईट जाळी.

आता खरे हौशी. विल्यम बीब हे न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात पक्ष्यांचे प्रमुख. कॉलेज मात्र पदवी न घेताच सोडलेलं. कबुतराच्या जातीच्या एका नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या मांडीवर त्यांना पिसांच्या खुंटांची रांग दिसली. तेवढ्यावरून त्यांनी 1915 साली जाहीर केलं, की पक्ष्यांच्या पूर्वजाला चार पंख होते, दोन हातांना आणि दोन पायांना. चित्रही काढलं. चार पंखांचा प्राणी झाडावरून तरंगतोय! लोकांना ती करमणूक वाटली. (पक्षी खाली आले म्हणणारे हे गृहस्थ पुढे स्वतःच लोखंडी गोळ्यात बसून समुद्रात 923 मीटर खाली गेले. सिद्धान्तावर इतकी निष्ठा क्वचित दिसते.) बीब 1962 साली वारले. 2003 च्या जानेवारीत चीनच्या शू शिंग यांनी लिआओनिंग प्रांतातला एक छोटा डायनोसॉर जगापुढे ठेवला. नाव मायक्रोरॅप्टर. हातांना पंख, आणि पायांनाही! अठ्ठ्याऐंशी वर्षांनी दगडानं हौशी नटाला टाळी दिली.

दुसरे डेन्मार्कचे गेरहार्ड हाइलमन. डॉक्टरीचं शिक्षण अर्ध्यावर टाकून चित्रकार झालेले. चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी काढली, देशाच्या चलनी नोटांसाठी चित्रं काढली, आणि फावल्या वेळात पक्ष्यांच्या उत्पत्तीवर असा ग्रंथ लिहिला, की 1926 साली तो इंग्रजीत आल्यावर पुढची चाळीसएक वर्षं तज्ज्ञ त्यालाच प्रमाण मानत राहिले. ग्रंथ वाचनीय, चित्रं अप्रतिम. पक्षी आणि छोटे डायनोसॉर यांच्यातलं साम्य त्यांच्याइतकं बारकाईनं कुणी दाखवलं नव्हतं. आणि शेवटी निकाल काय दिला? नातं नाही! कारण पक्ष्याच्या गळ्याजवळ कॉलरबोन जुळून झालेलं चिमट्यासारखं हाड असतं, ते डायनोसॉरांत दिसत नाही, आणि एकदा गेलेला अवयव परत येत नाही. छत्तीस गुण जुळल्यावर एका दाखल्यासाठी लग्न मोडावं, तसं झालं.

आणि दाखला होता कुठे? न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये! 1923 साली मंगोलियात सापडलेल्या ओव्हिरॅप्टरला ते हाड होतं. 1924 साली तिथल्या मोठ्या तज्ज्ञांनी त्याचं चित्रही छापलं, पण खाली नाव लिहिलं दुसऱ्याच हाडाचं. ते हाड ओळखायला 1983 साल उजाडलं. तेव्हा हाइलमनच्या चुकीचं सगळं माप हौशीच्या पदरात टाकू नका. अर्धी चूक पगारी होती.

तिसरे हौशी फ्रेड हॉइल, आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्यं कशी शिजतात हे सांगणारा थोर माणूस. 1985 साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केलं, की लंडनचा आर्किऑप्टेरिक्स बनावट आहे, पिसं मागाहून चिकटवली आहेत. म्युझियमनं दगड पुन्हा तपासला. केसाएवढ्या बारीक चिरा समोरासमोरच्या दोन्ही शिळांवर तंतोतंत जुळत होत्या, आणि त्या पिसांच्या ठशांतून आरपार जात होत्या. नंतर थापलेल्या लेपात अशा चिरा जुळवायच्या म्हणजे खुद्द ब्रह्मदेवानंच नोकरी धरायला हवी. 1986 साली प्रकरण मिटलं.

आता परीक्षक म्हणून माझं मत. या तिघांना हसणं सोपं आहे, कारण त्यांची विधानं स्वच्छ होती. चार पंख होते. कॉलरबोन नव्हतं. पिसं चिकटवलेली आहेत. ज्याला दगड ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू शकतो, असं ते बोलले. मला धास्ती वाटते ती ‘झाडावरूनही असेल, जमिनीवरूनही असेल, सर्वांगीण विचार व्हायला हवा’ म्हणणाऱ्यांची. त्यांची चूक कधीच निघत नाही. अध्यक्षीय भाषणाची कुठे निघते?

राहता राहिला अर्धा पंख. त्याचा एक अर्थ 1996 सालानंतर कळत गेला. लिआओनिंगमधून पिसांचे डायनोसॉर एकामागून एक निघाले, आणि त्यांतले कित्येक उडण्याच्या वाऱ्यालाही उभे राहिलेले नव्हते. पिसं आधी आली, ऊब धरायला किंवा मिरवायला, उडणं मागाहून. दुसरा अर्थ 2003 साली मोंटाना विद्यापीठाच्या केन डायल यांनी दाखवला. त्यांनी उभ्या चढणीवर पक्ष्यांची पिल्लं सोडली. न उडता येणारी ती पिल्लं अर्धेमुर्धे पंख फडफडवत, पायांची पकड घट्ट करत सरसर वर चढली. पिसं छाटली की चढणं कमी. म्हणजे अर्ध्या पंखाला अर्धा उपयोग होता!

आणि हा पक्षी कोण? चकोर! चांदण्यावर जगतो म्हणून आपण ज्याला सातशे वर्षं उपाशी ठेवला, ज्याच्या कोवळ्या पिल्लांना ज्ञानेश्वरांनी पहिल्याच अध्यायात आणलं, तो चकोर अमेरिकेत दाणे टिपून टेकाड चढत होता. डायलवरही आक्षेप आहेतच. जुन्या डायनोसॉरांचे खांदे इतके वर उचलत नसावेत, असं काहींचं म्हणणं. ठीक आहे, खांद्याचं हाड दगडात आहे, विचारता येईल.

आपल्याकडे ‘अर्धवट’ ही शिवी आहे. बीब अर्धवट शिकलेले, हाइलमन अर्धवट शिकलेले. त्या शिक्षणावर त्यांना उडता आलं नाही हे खरं. पण टेकाड ते चढले, आणि वरून त्यांना जे दिसलं ते खाली उभ्या असलेल्या पुष्कळ पदवीधरांना दिसलं नव्हतं.

तेव्हा निकाल. नेपथ्याचं पारितोषिक हाइलमन यांना. दिग्दर्शनाचं बीब यांना, मरणोत्तर. बॅरन नॉप्चांना उत्तेजनार्थ. हॉइल यांना पुढच्या वर्षी आकाशाच्या विभागात भाग घेण्याची विनंती. अभिनयाचं पहिलं बक्षीस चकोराच्या पिल्लाला. त्याला एकही भाषण नव्हतं. उरलेली बक्षिसं राखून ठेवली आहेत. खाणी अजून चालू आहेत.