'कंपनी कशी आहे?' या प्रश्नातून कोण सुटतं

प्लेनोमधल्या एखाद्या टेक कंपनीची ऑफर हातात आली, की तुम्ही बहुधा दोन गोष्टी करता. आधी कंपनीचं नाव टाकून तिथे काम केलेल्यांचे अनुभव वाचता: पाचपैकी किती तारे, मॅनेजर कसे, शनिवार-रविवार सुटतात का. मग मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारता, "अमुक ठिकाणी कुणी आहे का? कशी आहे कंपनी?" दोघं 'चांगली आहे' म्हणून अंगठा टाकतात आणि तिसरा लिहितो, "पर्सनलवर कॉल कर."

ते तिसरं उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. खरी माहिती चारचौघांत लिहिता येत नाही, एवढं तरी ते प्रामाणिकपणे सांगतं.

'कर्मचाऱ्यांचे अनुभव' हाही लेखनाचाच एक प्रकार आहे. कथा-कादंबरीला विचारतो ते प्रश्न त्यालाही विचारायला हवेत. कोण सांगतंय? कुणाला सांगतंय? आणि कोण गप्प आहे? माझं म्हणणं असं, की टेक कंपन्यांच्या बाबतीत गप्प असलेला माणूस बहुतेक वेळा तोच असतो, ज्याचं या देशातलं राहणं त्याच नोकरीवर टांगलेलं असतं. म्हणजे तुमच्यापैकी अनेकजण. प्लेनोशी जोडलेली दोन कथनं उघडून बघू, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल.

पहिलं कथन एका पुस्तकाचं. आज टोयोटाचं उत्तर अमेरिकेचं मुख्यालय ज्या लेगसी भागात आहे, तो ऑफिसांचा परिसर मुळात ईडीएस या कंपनीने विकसित केला. रॉस पेरो यांनी १९६२ मध्ये डलासमध्ये ही कंपनी काढली. दुसऱ्या कंपन्यांचं आणि सरकारांचं संगणकाचं काम करून द्यायचं, हा तिचा धंदा. आज आपण ज्याला आयटी सर्व्हिसेस म्हणतो, त्याची ती एक पणजीच म्हणा ना. पुढे मुख्यालय प्लेनोला आलं आणि २००८ मध्ये एचपीने ती सुमारे १३.९ अब्ज डॉलरला विकत घेतली.

या कंपनीवर केन फॉलेटने १९८३ मध्ये 'ऑन विंग्ज ऑफ ईगल्स' लिहिलं. डिसेंबर १९७८ मध्ये तेहरानमध्ये ईडीएसच्या दोन अमेरिकन अधिकाऱ्यांना अटक झाली. जामीन मागितला गेला सुमारे १ कोटी २७ लाख डॉलरचा. पेरोंनी बुल सायमन्स या निवृत्त कर्नलला बोलावलं आणि कंपनीतल्याच स्वयंसेवकांची तुकडी उभी केली. फेब्रुवारी १९७९ मध्ये क्रांतीच्या धामधुमीत जमावाने तुरुंग फोडला, दोघे बाहेर पडले आणि या तुकडीने त्यांना रस्त्याने तुर्कस्तानात नेलं.

पुस्तक हातातून सुटत नाही, हे मान्य. आणि एखादा मालक आपल्या माणसांसाठी इतकी धडपड करतो, याचं मोल कमी लेखायचं कारण नाही. पण कर्मचाऱ्याचा अनुभव म्हणून ते वाचा. कंपनी म्हणजे कुटुंब आणि साहेब तुमच्यासाठी डोंगर ओलांडून येईल, ही आजही ऑनबोर्डिंगला ऐकू येणारी गोष्ट इथे तिच्या सगळ्यात जोरदार रूपात आहे. आता बघा, कुटुंबात कोण मोजलं जातं. एक तरुण इराणी ट्रेनी या सुटकेत मोलाची मदत करताना दिसतो, पण येतो तो मदतनीस म्हणून. कथेचा सगळा भार अमेरिकन अधिकाऱ्यांच्या सुटकेवर आहे. तेहरानच्या त्याच ऑफिसात रोज काम करणाऱ्या बाकीच्या स्थानिक लोकांना ही नोकरी कशी होती, हा प्रश्न कडेला राहतो.

दुसरं कथन कोरडं आहे, एका तडजोडीचं. ते आपल्या जास्त जवळचंही आहे. इन्फोसिसचा जन्म १९८१ मध्ये पुण्यात झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. तिच्या अमेरिकेतल्या इमिग्रेशनचं कामकाज प्लेनोच्या ऑफिसातून चालायचं. ३० ऑक्टोबर २०१३ रोजी टेक्सासच्या पूर्व जिल्ह्यातल्या फेडरल वकिलांच्या कार्यालयाने जाहीर केलं, की कंपनी ३ कोटी ४० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवत आहे.

आरोप काय होता? बी-१ हा व्हिसा बैठका, चर्चा, परिषदा यांसाठी असतो. इथे बसून नोकरी करायची तर एच-१बी लागतो, त्याला संख्येची मर्यादा असते आणि किती पगार देणार हे लिहून द्यावं लागतं. सरकारचं म्हणणं होतं, की एच-१बीचं काम करणारी माणसं बी-१ वर आणली गेली. कंपनीने हा आरोप नाकारला. आय-९ फॉर्मच्या कागदपत्रांत चुका झाल्या, एवढंच तिने मान्य केलं. कोर्टात दोष सिद्ध झाला नाही, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

सरकारने मांडलेल्या आरोपांत सूचनांच्या एका कागदाचा उल्लेख आहे: काय लिहावं, काय लिहू नये. त्यानुसार, इम्प्लिमेंटेशन, डिझाइन, टेस्टिंग, कन्सल्टिंग असं काही निमंत्रणपत्रात लिहायचं नव्हतं, कारण ते काम केल्यासारखं वाटतं. खुद्द 'काम' हा शब्दही टाळायचा होता. आरोप खरा धरला, तर याचा अर्थ काय होतो बघा. हिंजवडीहून किंवा बंगळूरहून निघालेल्या एखाद्या मुलाला व्हिसाच्या खिडकीपाशीच कळायचं, की आपण जे करणार आहोत त्याचं नाव घ्यायचं नाही. ज्याचं नावच घ्यायचं नाही, त्याबद्दल तक्रार तरी कोणत्या शब्दांत करणार?

मग हे बाहेर काढलं कुणी? जॅक पामर या कंपनीच्याच कर्मचाऱ्याने. तो अलाबामाचा, अमेरिकन नागरिक. त्याने आधी कंपनीत तक्रार केली, मग आपला छळ होतोय म्हणून दावा लावला. ऑगस्ट २०१२ मध्ये अलाबामातल्या फेडरल न्यायाधीशाने तो फेटाळला, कारण तिथल्या कायद्यात अशा छळावर दाद मागायला जागा नव्हती. म्हणजे नागरिकालाही हे सोपं गेलं नाही. पण त्याला या देशातून निघून जावं लागणार नव्हतं. म्हणून तो बोलू शकला.

आणि पैसे? ५० लाख डॉलर गृहसुरक्षेच्या तपासयंत्रणेकडे, ५० लाख परराष्ट्र खात्याकडे, २ कोटी ४० लाख फेडरल वकिलांच्या कार्यालयाकडे. आरोप खरा असेल तर ज्याला कमी पगारात राबवलं गेलं, त्या माणसाच्या नावाने या वाटणीत वेगळा हिस्सा नव्हता. ज्याच्या येण्यावरून एवढं प्रकरण झालं, तो या सगळ्यात पुरावा म्हणून आहे. त्याचं स्वतःचं कथन नाही.

इथे तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, "अहो, हे सगळं परदेशी माणसाला हाकलण्याचं राजकारण आहे." ते राजकारण आहेच, आणि अशा प्रकरणांचा त्यासाठी मनसोक्त वापर होतो. पण त्याला उत्तर म्हणून आपण 'आपल्या' कंपनीची बाजू घेतो, तेव्हा आपणही तीच चूक करतो. एका बाजूला नोकरी गमावलेला अमेरिकन, दुसऱ्या बाजूला पुण्यातून निघून जगभर पोचलेली कंपनी. दोन्ही गोष्टींत तो मुलगा नाहीच.

आता ताऱ्यांकडे या. एकाच मजल्यावर नागरिक असतो, एच-१बीवाला असतो आणि कन्सल्टन्सीमार्फत आलेला कॉन्ट्रॅक्टरही असतो. तिघांचा मॅनेजर एकच, पण नोकरी तीन प्रकारची. पहिल्याची गेली तर तो बेरोजगार होतो. दुसऱ्याची गेली तर त्याला साधारणपणे ६० दिवस मिळतात आणि मुलांच्या शाळेपासून अपार्टमेंटच्या लीजपर्यंत सगळं त्या दिवसांत बसवावं लागतं. या तिघांच्या ताऱ्यांची सरासरी काढली, तर ती तिघांपैकी कुणाचाच अनुभव सांगत नाही. निनावी लिहायची सोय आहे, खरं. पण सहाजणांच्या टीममध्ये व्हिसावर एकटेच तुम्ही असाल, तर निनावी राहणार कसे? त्यामुळे ज्याला सगळ्यात जास्त सांगायचं असतं, तोच 'ओव्हरऑल चांगली आहे' लिहून मोकळा होतो. हा त्याचा भित्रेपणा नव्हे, हिशेब आहे.

म्हणून ऑफर तपासताना तारे वाचा, पण तिथे थांबू नका. एच-१बीच्या अर्जाआधी कंपनी श्रम खात्याकडे एलसीए भरते. त्यात पद, कामाची जागा आणि पगार असतो. त्याची आकडेवारी श्रम खातं प्रसिद्ध करतं आणि संबंधित फाइल कंपनीला मागेल त्याला दाखवावी लागते. 'बेंच'वर बसवून पगार थांबवायला एच-१बीवाल्यांच्या बाबतीत कायद्याने बंदी आहे. एलसीएतल्या अटी मोडल्या, तर डब्ल्यूएच-४ हा फॉर्म भरून १२ महिन्यांच्या आत तक्रार करता येते. आणि सुपरवायझर नसलेल्या, खासगी कंपनीतल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना एकमेकांशी पगाराबद्दल बोलण्याचा हक्क आहे, पासपोर्ट कुठल्याही देशाचा असो.

आणि त्या पर्सनल कॉलवर 'कशी आहे?' असं मोघम विचारू नका. विचारा: तू तेव्हा कोणत्या व्हिसावर होतास? थेट कंपनीचा होतास की मधे कुणी होतं? प्रोजेक्ट संपल्यावर काय झालं? ग्रीन कार्डची प्रक्रिया कधी सुरू केली, आणि ते लेखी दिलं होतं का? या चार उत्तरांतून चाळीस ताऱ्यांपेक्षा जास्त कळतं.

शेवटचं बोलणं तुमच्यापैकी त्यांच्याशी, ज्यांचं ग्रीन कार्ड आलंय किंवा ज्यांनी नागरिकत्वाची शपथ घेतलीय. इतकी वर्षं गप्प राहण्याचं तुमचं कारण रास्त होतं. आता ते उरलेलं नाही. पण बहुतेकांचं असं होतं, की कागद हातात आला की ती वर्षं 'तेव्हा सगळेच असं करायचे' या एका वाक्यात गुंडाळून टाकली जातात. कृपया गुंडाळू नका. कोणत्या साली, कोणत्या व्हिसावर, किती पगारात, काय सहन केलं आणि काय चांगलं मिळालं, ते लिहून ठेवा. मराठीत लिहा, घरच्यांसाठी लिहा, हवं तर कंपनीचं नाव गाळून लिहा. प्लेनोला उद्या नव्याने उतरणारा मुलगा आज बोलू शकणार नाही. तुम्ही बोलू शकता.