रहस्यकथा आणि न्यायाची भूक : बाबूराव अर्नाळकर
ज्या ग्रंथकाराचीं पुस्तकें लोकांनीं फाटेपर्यंत वाचलीं, त्याच्याविषयीं वाङ्मयाच्या इतिहासांत शोधूं गेल्यास चार ओळींपलीकडे फारसें सांपडूं नये, ही आपल्या टीकेला भूषणावह गोष्ट नव्हे. कै. बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६), मूळचे चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांची गोष्ट अशीच आहे. त्यांच्या पुस्तकांची संख्या १,००० च्या वर जाते. लेखनकाल ५० वर्षांचा धरला तरी वर्षाकांठीं २० पुस्तकें पडतात! एवढ्या विपुलतेंत सकस तें कितीसें असणार, असें म्हणून विद्वान मोकळे होतात. आमच्या मतें प्रश्न इतका सोपा नाहीं.

रहस्यकथेचे स्थूलमानानें दोन प्रकार मानतां येतील. एकांत पुरावा मांडून वाचकाच्या तर्कबुद्धीस आव्हान दिलेलें असतें. कॉनन डॉइलचा शेरलॉक होम्स हा त्याचा आदर्श. दुसऱ्यांत गुन्हेगार कोण यापेक्षां त्याला शासन कसें होतें, याचीच उत्कंठा अधिक. एडगर वॉलेसची १९०५ सालची ‘फोर जस्ट मेन’ ही या कुळांतली. अर्नाळकरांचे धनंजय व छोटू पहिल्या वाटेनें जाऊं पाहतात. परंतु लेखणी रंगते ती झुंजार आणि काळा पहाड यांच्या कथांत. कायद्याच्या हातून निसटलेल्या दुष्टास हे वीर स्वतः गांठतात. कोर्टाची पायरी चढणें ज्याला परवडत नाहीं, त्या सामान्य माणसाची न्यायाची भूक येथें घटकाभर भागते. लोकप्रियतेचें मर्म रहस्यांत नसून या न्यायांत आहे.

त्यांच्या रचनेचा गुण म्हणजे वेग. वाक्यें आंखूड, संवाद भरपूर, वर्णन कामापुरतें. प्रकरण अशा जागीं तोडलेलें कीं पान उलटल्यावांचून गत्यंतर नसावें. मर्यादाही याच वेगाची. खलपुरुष दुष्ट कां झाला हें विचारण्यास सवड नसते. अडलेलें कथानक योगायोगानें सुटतें. आणि नायक धर्मसंकटांत क्वचितच सांपडत असल्यामुळें त्याचें नांव लक्षांत राहतें, मनाचा थांग मात्र लागत नाहीं.

तरीही एक गोष्ट विसरूं नये. आमच्या हिंगोलीकडे १९४८ पर्यंत निजामाचें राज्य होतें. वरचें शिक्षण आणि राज्यकारभार उर्दूंत चाले. अशा मुलखांत, पाठीमागें ग्रंथांची परंपरा नसलेल्या घरांतला वाचक पहिल्याच दिवशीं गंभीर ग्रंथाकडे वळत नाहीं. त्याला आधीं वाचनाची चटक लागावी लागते, आणि ती स्वस्त, सोप्या, एका बैठकींत संपणाऱ्या पुस्तकानेंच लागते. पुढें हरिभाऊंपर्यंत कांहींच पोंचले असतील. पण जे पोंचले त्यांतल्या कित्येकांचा पहिला वाटाड्या काळा पहाड होता.

हलक्या कागदावरचीं हीं पुस्तकें आतां झपाट्यानें नाहींशीं होत आहेत. हजारांतून वीस पारखून घेणें हें टीकाकाराचें काम. तें न करतां सारींच टाकाऊ ठरविणें म्हणजे साक्षीपुरावा न घेतां निकाल देणें होय.