उतरंडीपुढे उभे राहताना

नाशिककराला दाराचे महत्त्व कोणी शिकवायला नको. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी त्या धर्माकडेच पाठ फिरवण्याची घोषणा केली. कलादालनाचे दार मात्र उघडे असते. तरीही आपला विद्यार्थी आत शिरताना आधी स्वतःच्या चपलांकडे पाहतो. आत मडकी, दोर, शेण, झाडू मांडलेले असतात. घरात रोज हाताळलेल्या वस्तूंपुढे येथे 'हात लावू नये' अशी पाटी असते. तो गोंधळतो. 'आपल्याला यातले कळत नाही' म्हणून बाहेर पडतो. हा न्यूनगंड त्याचा नव्हे, त्याच्यावर लादलेला आहे. त्या मडक्याचे वजन त्याच्याइतके कोणाला ठाऊक आहे?

२०२२ च्या बर्लिन बिएनालेत प्रभाकर कांबळे यांचे 'उतरंड' हे मांडणशिल्प होते. तेथील प्रेक्षकाला हा शब्द समजावून सांगावा लागतो, आपल्याला नाही. घरातल्या उतरंडीत सगळा भार तळाच्या मडक्यावर आणि हात पोचतो तो वरच्या मडक्यापर्यंत. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले तिचे इतके घरगुती रूप दुसरे नाही. तळाचे मडके हलले तर काय होईल, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात आपोआप उभा राहतो. येथे वस्तू ही सजावट नाही, ती विचार करते.

याउलट सुबोध गुप्ता यांची स्टीलच्या भांड्यांची प्रचंड कवटी, 'व्हेरी हंग्री गॉड' (२००६), घ्या. भुकेचा विषय खरा आहे. पण भांड्यांची झळाळी इतकी की ती घासणारा हात दिसेनासा होतो. भूक चकाकू लागली की ती दिवाणखान्यात ठेवण्याजोगी होते, अशी शंका मला येते.

मात्र हीच कसोटी आपल्या कलावंतालाही लावली पाहिजे. निळा रंग दिसला, चवदार तळ्याचे नाव आले, की टाळ्या वाजवायच्या ही समीक्षा नव्हे. वेदना मांडली म्हणून कलाकृती होत नाही. ती मांडणी पाहणाऱ्याला काय विचारते, हे महत्त्वाचे.

पाहायचे कसे? धडा आपल्या गावाजवळच आहे. त्रिरश्मी लेण्यांतील उषवदाताचा शिलालेख दान कोणाचे हे तर सांगतोच, पण पैसा कोठे ठेवला हेही सांगतो. गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण ठेव, दरमहा शेकडा एक व्याज, आणि त्यातून वीस भिक्षूंच्या वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी हा हिशोब भिंतीवर कोरला गेला. आजच्या दालनातील पाटी कलावंताचे नाव आणि साहित्य सांगून गप्प बसते. मडकी कोणत्या कुंभाराने घडवली, त्याला काय मिळाले, प्रदर्शनाचा खर्च कोणी केला, शेवटी ही कलाकृती कोणाच्या घरी जाणार, हे आपणच विचारायचे.

तेव्हा शिक्षकांनी मुलांना दालनात जरूर न्यावे. अर्थ सांगण्याची घाई मात्र करू नये. 'यातली कोणती वस्तू तुझ्या घरात आहे आणि ती कोण उचलते?' एवढेच विचारावे. त्या उत्तरापासून समीक्षा सुरू होते. मंदिराबाहेर आपण प्रवेश मागत उभे होतो. येथे प्रवेश आहे. आता हिशोब मागायचा आहे.