कादंबरीतील हेरगिरी आणि न्यायालय

अर्स्किन चिल्डर्स यांच्या ‘द रिडल ऑफ द सँड्स’ (१९०३) या कादंबरीत दोन इंग्रज तरुण शिडाच्या नौकेतून जर्मनीच्या फ्रिजियन किनाऱ्यावर हिंडतात आणि ब्रिटनवरील आक्रमणाची गुप्त योजना उघडकीस आणतात. नकाशे व भरती-ओहोटीचे तपशील यांमुळे कथेला दस्तऐवजाचे रूप येते. परक्या किनाऱ्याची टेहळणी मात्र निरागस नौकाविहार भासते. १९१० मध्ये ब्रँडन व ट्रेंच हे ब्रिटिश अधिकारी त्याच किनाऱ्याच्या तटबंदीची माहिती गोळा करताना पकडले गेले. कादंबरी वाचल्याचे ब्रँडन यांनी लाइपझिगच्या न्यायालयात मान्य केले. दोघांना ४ वर्षांची किल्लेकैद झाली. कादंबरीने जे देशकर्तव्य मानले, ते न्यायालयात हेरगिरी ठरले. अशा वास्तवाभासाचे मूल्यमापन करताना तो कोणाच्या कृत्यावर पांघरूण घालतो, हे तपासणे म्हणूनच आवश्यक ठरते.