नॉक्टर्न : ब्लू अँड गोल्ड – ओल्ड बॅटर्सी ब्रिज

लंडनमधील टेम्स नदीकाठचे विख्यात निशाचित्र (सु. १८७२–७५). अमेरिकेत जन्मलेला चित्रकार जेम्स मॅकनील व्हिस्लर (१८३४–१९०३) याची ही तैलरंगातील कृती लंडनच्या टेट संग्रहालयात आहे.

जुन्या लाकडी बॅटर्सी पुलाचा एक खांब व त्यावरील मार्गाचा थोडा भाग एवढ्यानेच चित्राची उभी चौकट व्यापली आहे. खांब प्रत्यक्षाहून पुष्कळ उंच दाखविला आहे. खाली नावेवरील एकाकी आकृती, पुलावर माणसांच्या पुसट छाया, दूरवर चेल्सीचा किनारा आणि आकाशात विरत जाणाऱ्या शोभेच्या दारूच्या सोनेरी ठिणग्या दिसतात. वस्तूचा मोठा भाग चौकटीबाहेर ठेवण्याच्या या रीतीवर जपानी चित्रकार हिरोशिगे याच्या काष्ठठशांचा प्रभाव स्पष्ट आहे.

व्हिस्लर रात्री नदीवर हिंडून दृश्य स्मृतीत साठवी व नंतर चित्रशाळेत रंगवी. त्यामुळे तपशील गळून भाववृत्ती तेवढी उरे. रंग तो इतका पातळ करी, की ते ओघळू नयेत म्हणून कधीकधी चित्रफलक जमिनीवर आडवा ठेवावा लागे. रुंद कुंचल्याच्या आडव्या फटकाऱ्यांतून पाणी व आकाश जवळजवळ एकाच निळ्या छटेत मिसळतात. या निःस्तब्धतेत सोनेरी ठिपक्यांचीच काय ती हालचाल जाणवते.

ही अस्पष्टता म्हणजे निष्काळजीपणा, असा आक्षेप त्या काळी घेतला गेला. व्हिस्लरच्या दुसऱ्या एका निशाचित्रावर जॉन रस्किन याने १८७७ मध्ये कठोर टीका केली. त्यावरून झालेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात (१८७८) प्रस्तुत चित्रही न्यायालयात दाखविण्यात आले. हे पुलाचे हुबेहूब चित्रण नव्हेच, अशी व्हिस्लरची भूमिका होती. खटला त्याने जिंकला. तथापि भरपाई केवळ एक फार्दिंग मिळाली व १८७९ मध्ये त्याचे दिवाळे निघाले.

तंत्राच्या दृष्टीने हा आक्षेप टिकत नाही. याच नदीवरील धक्के, गोदामे व कष्टकरी माणसे व्हिस्लरने १८५९ मधील अम्लरेखनांत बारकाईने रेखाटली होती. म्हणजे येथील तपशिलांचा त्याग अक्षमतेतून नव्हे, तर निवडीतून आला आहे. मात्र या निवडीची किंमतही आहे : नदीकाठचे श्रमजीवन धुक्यात लोपते आणि नगर केवळ रंगसंवाद बनते. चित्राचे सामर्थ्य व मर्यादा या दोन्हींचे मूळ एकच आहे.