भिंतीवरचे रामायण

लंडनमधल्या मराठी घरांत गणपती, विठोबा आणि शिवराय यांच्या तसबिरी हमखास दिसतात. आपल्या मंडळातल्या काही घरांत आता त्यांच्या शेजारी मेवाडचे रामायणही आले आहे. त्याचे श्रेय हौसेने लघुचित्रकला शिकलेल्या आपल्याच एका ताईंना जाते.

मेवाडचा राणा जगतसिंह पहिला याने वाल्मीकी रामायणाची सचित्र पोथी करवून घेतली. १६४९ ते १६५३ या काळात तयार झालेल्या या पोथीत सुमारे ४०० चित्रे होती. तिचा मोठा भाग आज ब्रिटिश लायब्ररीत आहे, तर काही पाने मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. २०१४ साली ही विखुरलेली पोथी संगणकाच्या पडद्यावर पुन्हा एकत्र आली.

ताईंनी त्यातला युद्धकांडातला कुंभकर्णाला उठवण्याचा प्रसंग निवडला. मूळ चित्र १६५२चे, साहिबदीन या मुसलमान चित्रकाराचे. एकाच चौकटीत कुंभकर्ण घोरत पडलेलाही दिसतो आणि उठून जेवायला बसलेलाही. भोवती वाद्यांचा गजर आणि अन्नाच्या राशी. कथेतला काळ पुढे सरकतो, चौकट मात्र तीच राहते.

कागदावर कागद चिकटवून ताई वसली, म्हणजे चित्रासाठीचा जाड कागद, तयार करतात. रंग डिंकात खलतात. खारीच्या केसांऐवजी इथे मिळणारा सेबलचा बारीक कुंचला वापरतात. रंगाचा थर वाळला की चित्र पालथे घालून पाठीमागून अकीकाच्या दगडाने घोटतात. त्याने रंग कागदात बसतो आणि त्याला तुकतुकी येते. एकेक दागिना रंगवताना त्यांचा श्वाससुद्धा हळू होतो.

पोथीचे पान हातात धरून बघायचे असते, म्हणून असे चित्र सोफ्याच्या वर उंचावर लावू नये. येता-जाता मुलांच्या नजरेला पडेल इतक्या उंचीवर, थेट ऊन लागणार नाही अशा भिंतीवर लावावे. मुले जवळ जातात, बोट ठेवतात, "हा दोनदा का काढलाय?" असे विचारतात. तिथून गोष्ट सुरू होते, आणि ती आपल्याला मराठीत सांगावी लागते. परक्या देशात वाढणाऱ्या मुलांच्या कानांवर रामकथा पडावी म्हणून आपण किती धडपडतो! ताईंच्या कुंचल्याने ते काम सहज केले आहे.